येट्सनं श्रीमंताकडे मागितलं ते कुठल्या तोंडानं?

पानगळ:
आयरिश कवी येट्सची १९१३ ची ती कविता वाचली, जिचं नावच चार ओळींचं आहे. एका धनिकानं डब्लिनच्या चित्रसंग्रहालयाला एकदा वर्गणी दिली, दुसऱ्या खेपेला म्हणाला की लोकांना चित्रं हवीत हे आधी दाखवा मग देतो, आणि येट्सनं त्यालाच सुनावलं. मला हे पटेना. मागायला गेलोय आपण, मग आवाज कसला चढवायचा? आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी आयरिश कवी कुणाच्या दारात जायचे, कुणाला माहीत असेल तर सांगा ना.

जुनीवही:
एक गोष्ट आधी लक्षात घ्या, त्यात येट्स स्वतःसाठी काहीच मागत नाहीये. ह्यू लेन या चित्रसंग्राहकानं आपली ३९ चित्रं डब्लिनला द्यायची तयारी दाखवली होती, अट एवढीच की शहरानं त्यांच्यासाठी नीट कायमची इमारत बांधावी. त्यासाठी वर्गणी चालू होती. धनिक म्हणजे बहुतेक लॉर्ड अर्डिलॉन, गिनेस बिअरवाल्या घराण्यातला, असं मानतात. आता येट्सचा मुद्दा बघा, तो म्हणतो इटलीतल्या फेरारामध्ये ड्यूक एर्कोलेनं नाटकं करवली तेव्हा बाजारातल्या कांदेवाल्यांना विचारत बसला नाही. मला हे अगदी पटतं, कारण लोकांनी जे कधी पाहिलंच नाही ते त्यांना हवंय की नको हे ते सांगणार कसं? विल्यम मार्टिन मर्फीनं, म्हणजे ट्रामवाला आणि वर्तमानपत्राचा मालक, या इमारतीला कडाडून विरोध केला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कामगारांना बाहेर काढणाऱ्या मालकांचा पुढारीही तोच होता. शेवटी लेननं चित्रं लंडनला पाठवली. १९१५ मध्ये लुसिटानिया जहाज बुडालं त्यात लेन गेला, चित्रं डब्लिनला द्यावीत असं मृत्युपत्राला जोडून लिहून ठेवलं होतं त्यावर साक्षीदाराची सही नव्हती, आणि त्या एका सहीपायी दोन देशांत कित्येक वर्षं भांडण चाललं.

आडवाट:
मागणं आयरिश कवींना नवीन नव्हतंच हो. जुन्या गेलिक, म्हणजे मूळच्या आयरिश, सरदारांकडे कवी असायचेच, जमीन मिळायची, मान मिळायचा, मोबदल्यात ते घराण्याची वंशावळ आणि स्तुती करायचे, आणि सरदार हात आखडता घ्यायला लागला तर कवी त्याच्यावरच निंदेची कविता करायचा, ती सरदारांना खरंच झोंबायची. १६०१ ला हे सरदार इंग्रजांविरुद्ध किन्सेलची लढाई हरले, १६०७ ला मोठे सरदार देश सोडून गेले आणि मग सगळी व्यवस्थाच ढासळत गेली. एगन ओ राहिली (मृत्यू १७२९) हा केरी परगण्यातला कवी, ब्राउन या जमीनदार घराण्याच्या आश्रयाची आशा धरून होता. थोरले ब्राउन गेले, मुलगा व्हॅलेंटाइन आला, ओ राहिलीला वाटलं आता तरी दिवस पालटतील. तो दारात गेला आणि काही मिळालं नाही. त्यावर त्यानं जी कविता केली तिच्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी व्हॅलेंटाइन ब्राउनचं नाव येतं, दुसरं काही नाही, नुसतं नाव. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता.

पानगळ:
हे माहीतच नव्हतं, थँक्यू. म्हणजे सुनावणं ही जुनीच रीत. पण मग जिथे पैसे खरंच मिळाले तिथे मिंधेपणा नाही आला का?

चहाबाज:
आला की. ॲनी हॉर्निमन, चहाच्या व्यापाऱ्याची मुलगी, तिच्या पैशातून डब्लिनचं ॲबी थिएटर उभं राहिलं, जे येट्स आणि लेडी ग्रेगरी चालवायचे, एक जुना हॉल आणि त्याला लागूनचं जुनं शवागार घेऊन दुरुस्त केलं, २७ डिसेंबर १९०४ ला पडदा वर गेला. तिला राजकारण अजिबात नको होतं. मे १९१० मध्ये इंग्लंडचा राजा एडवर्ड वारला, बाकी थिएटरं बंद, इथे मॅनेजरनं लेडी ग्रेगरीला तार करून विचारलं, उत्तर यायला उशीर झाला आणि खेळ होऊन गेला. हेही राजकारणच असं समजून बाई इतक्या चिडल्या की पुढे पैसेच बंद. पण त्या सहा वर्षांत जे उभं राहिलं ते त्यांच्याशिवाय झालं नसतं, हेही तेवढंच खरं आहे, त्यांना नुसतं हट्टी म्हणून सोडून देऊ नका.

जुनीवही:
मला सगळ्यात आवडतो तो जॉन क्विन, न्यूयॉर्कचा वकील. येट्सचे वडील, चित्रकार, १९०७ ला न्यूयॉर्कला गेले ते परत आलेच नाहीत, एका खानावळवजा बोर्डिंगमध्ये राहायचे, खर्च भागायचा नाही. मग क्विन आणि येट्सनं ठरवलं की येट्स आपली हस्तलिखितं पाठवणार, क्विन ती विकत घेणार आणि पैसे थेट म्हाताऱ्याच्या खर्चाला. खाडाखोड केलेला कागद इकडून जहाजानं निघायचा आणि तिकडे वडिलांच्या राहण्या-जेवण्याचं बिल भागायचं. १९२२ ला वडील वारले तोवर क्विननं त्यांना सांभाळलं.