कडव्या वालांचे बिरडे, आणि ते मी करावे की नाही

प्रश्न : खारा वारा, माहीम

आम्ही दोघे पुरुष, दोघांचीही पंचेचाळिशी उलटलेली, गेली ३ वर्षे जोडीदार म्हणून एकत्र राहतो. माझ्या घटस्फोटानंतर मुलीने माझ्याशी बोलणे सोडले आहे. त्याची आई २०२१ मध्ये करोनाने गेली आणि शेवटी त्याला तिच्याजवळ जाता आले नाही. पुढे अपघातात त्याच्या उजव्या हाताची पकडही गेली. पूर्वी स्वयंपाक तोच करीत असे, आता मी करतो, आणि वरणभाताच्या पुढे माझी फारशी मजल नाही.

मागच्या महिन्यात तो सहज म्हणाला, की आईच्या हातचे बिरडे आता काही मिळायचे नाही. मी दादरहून कडवे वाल आणून दोनदा करून पाहिले. एकदा कडू झाले, एकदा लगदा. तो अर्धी वाटी खाऊन मुकाट्याने उठला. माझे चुकते कुठे, आणि गेलेल्या माणसाचा पदार्थ आपण करायला घेणे म्हणजे खपली काढणे तर नव्हे?

उत्तर १ : गिरगावची आजी

दुसऱ्या प्रश्नाचे मला सांगता येणार नाही, पहिल्याचे सांगते. वाल रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यावे, फडक्यात घट्ट बांधून मोड येऊ द्यावेत, मग कोमट पाण्यात घालून एकेक सोलावा. साल राहिली की कडवटपणा राहतो. (थोडा असायलाच हवा, नाहीतर पावटे काय वाईट?) डाळिंब्या, म्हणजे हे सोललेले वाल, फोडणीवर परतून झाकणावर पाणी ठेवावे व मंद आचेवर शिजवाव्यात. डाव घालून ढवळू नये, भांडेच धरून हलवावे. तुमचा लगदा बहुधा ढवळूनच झाला. आमसूल आणि गूळ डाळिंबी बोटाने दबू लागल्यावरच घालावे, कारण आंबट आधी पडले की ती शिजायचे नाव घेत नाही. ओले खोबरे शेवटी.

उत्तर २ : ठाणेकर

माझा जोडीदार जाऊन ६ वर्षे झाली, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. तुम्ही त्याच्यापुढे आयते ताट ठेवलेत, तेव्हा त्याला तुलनेशिवाय करण्यासारखे काही उरलेच नाही. वाल सोलायला त्याला शेजारी बसवा. भिजलेली साल चिमटीच्या हलक्या दाबाने सुटते. उजव्या हाताने जमण्यासारखे आहे का, हे त्याच्या फिजिओथेरपिस्टला विचारा, नाहीतर डावा आहेच. पाव किलो वाल सोलायला बराच वेळ लागतो आणि मान खाली असताना माणूस बरेच काही बोलून जातो.

उत्तर ३ : शिधावाटप

थोडे अवांतर, पण चुलीशी संबंधित. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कक्षेतून काढले, २०२३ मध्ये विवाहाचा हक्क मात्र मान्य केला नाही. तरी २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवले, की शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानावे. लग्न नाही, पण चूल एक आहे एवढे तरी कागदावर आले. चौकशी करून पाहा.

खारा वारा, माहीम

सर्वांचे आभार. रविवारी आम्ही वर्तमानपत्र पसरून बसलो. पहिली १० मिनिटे त्याच्या बोटांतून वाल निसटून पलंगाखाली जात होते आणि तो चिडत होता. नंतर त्याने डाव्या हाताने सोलायला सुरुवात केली व उजव्याने वाटी धरली. आई सोललेले वाल मोजायची आणि शंभराला एक खोबऱ्याचा तुकडा द्यायची, हे मला ३ वर्षांत प्रथमच कळले. बिरडे अखंड राहिले. पहिला घास घेऊन तो म्हणाला, "गूळ जास्त झालाय, आई एवढा घालत नसे," आणि वाटी पुन्हा पुढे केली. उरलेले वाल आज रात्री भिजत घालतो आहे. गुळाचा खडा या वेळी तोच फोडणार आहे.