मदत हवी आहे: साक्षांकन नमुन्यात 17व्या वर्षीची केस लिहू का?

घाईतला_गणू
सरकारी भरतीत निवड झाली, मेडिकलही झालं. साक्षांकन नमुना (चारित्र्य पडताळणीचा फॉर्म) सोमवारी द्यायचाय. सतरा वर्षांचा असताना एक केस झाली होती, ती संपली. हो लिहू की नाही? लेक्चर नको, एका शब्दात सांगा.

कलमबहाद्दर
एका शब्दात: थांबा. कलम कोणतं? 'संपली' म्हणजे निर्दोष सुटलात, समज मिळाली, परिविक्षेवर (चांगल्या वागणुकीच्या अटीवर) सोडलं की विशेष गृहात (बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात) ठेवलं? आदेश बाल न्याय मंडळाचा की बाल न्यायालयाचा? आणि नमुन्यातला प्रश्न शब्दशः टाका.

बिनधास्त_बाळ्या
सरळ 'नाही' लिहा. बाल न्याय कायदा 2015, कलम 24: कुठलीही अपात्रता लागत नाही. कलम 74(2): निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायचीच नाही. 2019 मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही उमेदवाराच्याच बाजूने निकाल दिला. विषय संपला.

फाईलवाली
कसला संपला? कलम 24 अपात्रता काढतं, खोटं उत्तर लिहायची मुभा देत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा अवतार सिंग निकाल (2016) वाचा. माहिती खरी द्यायची, मग ती किती गंभीर ते नियुक्ती अधिकाऱ्याने तपासायचं. लपवल्याचं निघालं की केस बाजूला राहते आणि लपवणं हाच मुद्दा होतो.

घाईतला_गणू
जुन्या भारतीय दंड संहितेचं 307 (खुनाचा प्रयत्न), 34 (सामाईक इरादा). मंडळानेच संपवली. चुलतभाऊ पण होता. प्रश्न: 'आपणास कधी अटक झाली आहे काय, आपल्यावर खटला चालला आहे काय, न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?'

सगळंच_माहीत
307?? हा तर हीनस (heinous, अतिगंभीर) गुन्हा. सोळाच्या वर असाल तर मोठ्यांसारखाच खटला. नोकरी विसरा.

कलमबहाद्दर
उगाच घाबरवू नका. हीनस म्हणजे ज्याला किमान शिक्षा 7 वर्षं किंवा जास्त. 307 ला कमाल शिक्षा मोठी, पण किमान नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या शिल्पा मित्तल निकालाने (2020) असे गुन्हे 'गंभीर' वर्गात टाकले आणि 2021 च्या दुरुस्तीने कायद्यातही तेच आलं. मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हे ठरवणारं कलम 15 चं मूल्यांकन फक्त हीनसला. मंडळानेच निकाल दिला असेल तर कलम 24 मधला अपवाद (सोळावरच्या मुलाला बाल न्यायालयाने मोठ्यांसारखा खटला चालवून दोषी ठरवलं तर) गणूला लागत नाही.
गणू, चुलतभाऊ तेव्हा सज्ञान होता का?

घाईतला_गणू
22 चा होता. त्याची सेशनला अजून चालू आहे. त्याचा काय संबंध?

फाईलवाली
खरी मेख इथेच आहे आणि तुम्ही ती शेवटी सांगताय. मुलगा एकटा असेल आणि गुन्हा हीनस नसेल, तर बाल न्याय कायद्याच्या 2016 च्या नमुना नियमांनुसार एफआयआर होत नाही. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद आणि नमुना 1 मधला सामाजिक पार्श्वभूमी अहवाल, एवढंच. सोबत सज्ञान आरोपी असला की एफआयआर होते, आणि तुमचं नाव त्यात असणारच. मंडळाने तुमचे कागद उद्या नष्ट केले तरी ती एफआयआर भावाच्या फाईलीत तशीच राहते. पडताळणीला आलेल्या हवालदाराने नाव शोधलं की 307 समोर.

बिनधास्त_बाळ्या
मग 74(2) काय शोभेला आहे?

फाईलवाली
शोभेला नाही. पण तो मुद्दा नियुक्ती रद्द झाल्यावर कोर्टात मांडावा लागतो. रुजू व्हायचंय की रिट लढवायचीय?

विमानतळ
अमेरिकेच्या व्हिसालाही लक्षात ठेवा. डीएस-160 मध्ये कधी अटक झाली का विचारतात, माफी मिळाली असली तरी लिहावं लागतं.

कलमबहाद्दर
व्हिसा कुणी विचारला? गणू, प्रश्नाचे तीन भाग आहेत, तिन्हींना मिळून एकच 'हो' किंवा 'नाही' लिहू नका. रकान्यात 'स्वतंत्र टिपण जोडले आहे' लिहा. टिपण चार ओळींचं:
"घटनेच्या दिवशी माझे वय 17 वर्षे __ महिने होते. मला ताब्यात घेऊन बाल न्याय मंडळापुढे हजर केले होते. मंडळाने दि. __ रोजी अंतिम आदेश देऊन प्रकरण निकाली काढले. कलम 24(1) नुसार अपात्रता लागू होत नाही."
सोबत आदेशाची प्रमाणित प्रत आणि वयासाठी दहावीचं प्रमाणपत्र किंवा शाळेचा जन्मतारखेचा दाखला (कलम 94). मारामारीचं वर्णन नको. निर्दोष सुटला नसाल तर 'निर्दोष' हा शब्दही नको.

घाईतला_गणू
आदेश 2019 चा. 'परिविक्षेवर मुक्त' असं काहीतरी आहे. रेकॉर्ड नष्ट करायचा अर्जही आजच टाकू?

फाईलवाली
आज अजिबात नाही! केंद्राच्या नमुना नियमांतला नियम 14 दोषसिद्धीचे कागद सुरक्षित ठेवायची मुदत अपिलाच्या मुदतीपर्यंत किंवा 7 वर्षं, त्यापुढे नाही, अशी देतो. तेव्हा अर्ज करता येईल, पण आधी दोन प्रमाणित प्रती हातात घ्या. आदेशच नष्ट झाला तर मंडळाने नेमकं काय ठरवलं ते दाखवणार कशावरून? तुमच्याजवळ उरेल ती फक्त एफआयआर.

घाईतला_गणू
सोमवारपर्यंत प्रत नाही मिळाली तर?

कलमबहाद्दर
प्रतीसाठी केलेल्या अर्जाची पोच जोडा, टिपणाखाली 'प्रत मिळताच सादर करतो' लिहा, आणि भरलेल्या नमुन्याच्या झेरॉक्सवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.