ओरल हेल्थ थेरपी, ऑस्ट्रेलिया: मुलांच्या विभागातली पहिली प्लेसमेंट – सीलंट, वेळ, हॉल क्राउन आणि लसींची कागदपत्रं

दुधाचे_दात:
ऑस्ट्रेलियात बॅचलर ऑफ ओरल हेल्थचं दुसरं वर्ष. पुढच्या सत्रात सरकारी दंतचिकित्सालयातल्या मुलांच्या विभागात प्लेसमेंट (प्रत्यक्ष पेशंटवरचं शिक्षण) आहे. फँटम हेडवर (सरावाच्या कृत्रिम डोक्यावर) सराव झाला आहे, पण तिथे ना लाळ असते ना हलणारी जीभ. जाणकारांनी कृपया सांगावं:

१. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या अर्धवट उगवलेल्या पहिल्या कायमच्या दाढेला सीलंट (कीड लागू नये म्हणून खाचा बुजवणारा थर) रेझिनचं लावावं की ग्लास आयनोमरचं (ओलाव्यात चालणारं सिमेंट)?
२. एका पेशंटला ६० मिनिटं मिळतात. त्यात सुपरवायझरची मंजुरी, उपचार आणि नोंदी कशा बसवायच्या?
३. हॉल क्राउन (किडलेल्या दुधाच्या दाढेवर न कोरता बसवायची तयार धातूची टोपी) आणि खालच्या जबड्याचं इंजेक्शन: नवशिक्याचं नेमकं कुठे चुकतं?
४. महाराष्ट्रातून आलेल्यांचे लसीकरणाचे कागद बहुधा कुठे अडतात?

कोरडी_खाच:
पहिल्याचं उत्तर देतो. सीलंट निघतं ते जवळजवळ नेहमी ओलाव्यामुळे, मटेरियलमुळे क्वचित. एच केलेल्या (अॅसिडने सूक्ष्म छिद्रं पाडलेल्या) एनॅमलवर लाळेचा एक ओघळ आला तरी तिच्यातली प्रथिनं त्या सूक्ष्म छिद्रांवर बसतात आणि रेझिनला आत शिरता येत नाही. त्या दिवशी सगळं छान दिसतं. रिकॉलला (पुढच्या तपासणीला) येईपर्यंत अर्धं सीलंट उडालेलं असतं, आणि उरलेल्या अर्ध्याच्या कडेखाली अन्न साचतं.

म्हणून दाढेच्या मागच्या भागावर हिरडीचा पडदा असेल, किंवा मूल तोंड उघडं धरू शकत नसेल, तर रेझिनचा हट्ट नको. ग्लास आयनोमर लावा. पॉलिअॅक्रिलिक अॅसिडचा कंडिशनर १० सेकंद, मग धुऊन कापसाच्या बोळ्याने टिपा. हवेने खडखडीत वाळवू नका, पृष्ठभागावर ओलसर चमक राहू द्या. कॅप्सूल मिक्सरमधून काढली की लगेच खाचेत भरा, कारण मिश्रणाची चकाकी गेली की चिकटण्याची ताकदही गेली. व्हॅसलिन लावलेल्या बोटाने दाबून धरा, मग चावा तपासा. हे तात्पुरतं सीलंट आहे. दाढ पूर्ण वर आली की रेझिनचा विचार करा, आणि नोंदीत तसं लिहा म्हणजे पुढचा विद्यार्थी ते फसलेलं सीलंट समजणार नाही.

पूर्ण उगवलेल्या दाढेला रेझिन लावताना धोका असतो तो कापूस बदलण्याच्या क्षणी. एचिंगनंतर भिजलेला रोल काढायचा आणि त्याच हालचालीत कोरडा बसवायचा. सक्शन जागचं हलू द्यायचं नाही. कोण काय धरणार हे असिस्टंटशी मूल खुर्चीत बसण्याआधी ठरवा. गालाकडून शोषणारा त्रिकोणी पॅड ठेवा, कारण मोठ्या लाळग्रंथीची नळी वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात उघडते.

बाकी क्रम असा: तेल नसलेल्या प्युमिसने ब्रश, ३७ टक्के फॉस्फोरिक अॅसिड २० सेकंद, जेलचा रंग जाईपर्यंत धुणं आणि वर आणखी १० सेकंद, मग वाळवणं. खडूसारखा पांढरा रंग दिसला नाही किंवा लाळ लागली, तर पुन्हा १० सेकंद एच. नुसतं पुसून पुढे जाऊ नका. वाळवण्याआधी सिरिंजची हवा आरशावर मारून बघा. आरशावर पाण्याचे किंवा तेलाचे कण दिसले तर ती हवाच तुमचं काम बिघडवते आहे.

सीलंट खाचेपुरतंच हवं, डबकं नको. जाड थरात बुडबुडे राहतात आणि चावा उंच होतो. खाचेत उतरायला १० ते १५ सेकंद द्या, मग रेझिन कडक करणारा लाइट २० सेकंद. शेवटी प्रोबने उचकटून बघा. निघायचं असेल तर सुपरवायझरसमोर निघालेलं बरं. खालच्या दाढेचा गालाकडचा खड्डा आणि वरच्या दाढेची टाळूकडची खाच हमखास विसरली जाते.

वेळेचं_गणित:
वरच्या उत्तराला +१. आता दुसरा मुद्दा.

६० मिनिटं उलटी मोजा. ४५व्या मिनिटाला हातातली उपकरणं खाली गेली पाहिजेत. शेवटची १५ मिनिटं पालकांशी बोलणं, नोंदी आणि युनिटची सफाई यांची. सुरुवातीची १० मिनिटं वैद्यकीय इतिहास आणि संमतीत जातात, पुढची १५ तपासणी आणि बाइटविंगमध्ये (दाढांच्या एक्स-रेमध्ये). उपचाराला राहिली २०, आणि त्यातच मंजुरीसाठी थांबणंही आलं. पहिल्या भेटीत तपासणी, एक्स-रे, फ्लुराइड व्हार्निश आणि फार तर एक सीलंट इतकाच बेत धरा.

सुपरवायझर लागतो तो साधारण पाच ठिकाणी: इतिहासानंतर, निदान आणि उपचार-योजना ठरल्यावर, इंजेक्शनच्या आधी, कीड काढल्यावर आणि शेवटी. काम संपल्यावर हात वर केलात तर रांगेत अडकाल. चार्टिंगचा (दातांच्या नोंदीचा) शेवटचा चतुर्थांश राहिला असतानाच सांगून ठेवा. केस अर्ध्या मिनिटात मांडता आली पाहिजे: वय, आजार आणि औषधं, तक्रार, कीड होण्याचा धोका, दात क्रमांकासह काय दिसलं, आज काय करणार, आणि तुमचा प्रश्न काय. उदाहरणार्थ, ‘सात वर्षं, दमा, इनहेलर सोबत आहे. ७५च्या मागच्या बाजूला कीड, बाइटविंगवर पल्पच्या वर डेंटिनचा स्पष्ट पट्टा. हॉल क्राउन सुचवतो, आज सेपरेटर घालू का?’ (७५ म्हणजे खालची डावी दुधाची दुसरी दाढ, पल्प म्हणजे दातातली नस, डेंटिन म्हणजे एनॅमलखालचा थर, सेपरेटर म्हणजे दातांत फट करणारी रबरी कडी.) असं बोलता आलं तर विचार झालेला आहे हे समोरच्याला कळतं, आणि मूल्यांकन मुख्यतः त्याचंच असतं. हाताचा वेग सरावाने येतोच.

संमती. मूल आजी-आजोबांसोबत आलं असेल तर खुर्चीत बसवण्याआधीच कायदेशीर पालक कोण ते विचारा. फोनवर संमती घेतली तर कोणाशी बोललात, किती वाजता आणि साक्षीला कोण होतं ते लिहा. चाइल्ड डेंटल बेनिफिट्स शेड्यूलखाली (मुलांच्या दंतोपचारांचा खर्च देणाऱ्या सरकारी योजनेखाली) उपचार असतील तर त्याचा सहीचा फॉर्म उपचाराआधी हवा. बल्क बिलिंगमध्ये (बिल थेट सरकारला जातं तेव्हा) तो दर कॅलेंडर वर्षाला नव्याने लागतो.

नोंदीत चुकणारं: दोन बाइटविंग म्हणजे ०२२ हा उपचार-कोड दोनदा. १६१ला (सीलंटच्या कोडला) दाताचा क्रमांक हवाच. आणि वापरलेल्या पाऊचचा स्टरलायझेशन बॅच नंबर पेशंटच्या नोंदीत गेला पाहिजे. पाऊच कचऱ्यात टाकून मग नंबर शोधण्यात मिनिटं जातात, तेव्हा उघडतानाच उतरवा.

दुधाचे_दात:
पाच थांबे आणि ४५वं मिनिट वहीत लिहून घेतलं. हॉल क्राउनला भूल देत नाहीत, मग मूल घाबरून तोंड मिटेल त्याचं काय? आणि क्राउनचं माप कसं ठरवायचं?

पाच_नंबरची_दाढ:
आधी कुठे बसवायचं नाही ते पक्कं करा. रात्री आपोआप दुखणं, हिरडीवर पुळी, दात हलणं, किंवा बाइटविंगवर कीड आणि पल्प यांच्यामध्ये डेंटिनचा स्पष्ट पट्टा न दिसणं, यातलं काहीही असेल तर हॉल क्राउन नाही. बाइटविंगवर शेजारच्या दातांच्या कडा एकमेकींवर चढल्या असतील तर हा निर्णय घेताच येत नाही. फिल्म पुन्हा घ्यावी का ते सुपरवायझरला विचारा.

दातांमध्ये फट नसेल तर दोन्ही बाजूंना ऑर्थोडॉन्टिक सेपरेटर घालून ३ ते ५ दिवसांनी बोलवा. क्राउनच्या भेटीला मूल आडवं नको, बसतं ठेवा. घशाकडे गॉझ पसरा आणि क्राउनला चिकटपट्टीचा तुकडा लावा. निसटलेला क्राउन श्वासनलिकेत जाणं ही इथली सगळ्यात गंभीर चूक आहे.

माप: सगळे उंचवटे झाकणारा सगळ्यात लहान क्राउन. शेजारच्या दातांच्या संपर्काशी टेकला की किंचित उसळून परत येतो, तेच योग्य माप. बसवून बघताना संपर्काच्या खाली दाबू नका, काढताना नाकी नऊ येतात. मोठा क्राउन सहज बसतो म्हणून मोह होतो, पण दुधाच्या दुसऱ्या दाढेवर तो बसवला तर मागून उगवणारी कायमची दाढ त्याच्या कडेखाली अडकू शकते.

क्राउन ग्लास आयनोमर सिमेंटने नीट भरा, आत हवेची पोकळी नको. बोटाने बसवा आणि मुलाला कापसाच्या रोलवर २-३ मिनिटं चावून धरायला सांगा. तोंड मिटण्याची काळजी इथे उरत नाही, कारण जोर मुलाच्याच जबड्याचा असतो. सिमेंट पूर्ण कडक होण्याआधी जादाचं पुसा आणि गाठ मारलेला फ्लॉस दातांमधून ओढा. हिरडी पांढुरकी दिसते ती काही मिनिटांत निवळते. चावा १-२ मिलिमीटर उंच राहतो आणि काही आठवड्यांत बसतो. हे पालकांना आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशी फोन येणारच. समोरासमोरच्या दाढांवर एकाच दिवशी क्राउन नको.

इंजेक्शनचं: मुलाचं वजन त्याच दिवशी काट्यावर करा, पालकांच्या अंदाजावर जाऊ नका. इथल्या २.२ मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये २ टक्के लिग्नोकेन (भुलीचं औषध) म्हणजे ४४ मिलिग्रॅम. किलोला ४.४ मिलिग्रॅमची सावध मर्यादा धरली तर २० किलोच्या मुलाला ८८ मिलिग्रॅम, म्हणजे दोनच कार्ट्रिज. तुमच्या दवाखान्याची मर्यादा वेगळी असेल तर ती पाळा, पण आकडा सुई हातात घेण्याआधी कागदावर हवा. लहान मुलांत नस शिरते ते जबड्यातलं छिद्र खाली असतं, दुधाच्या दाढांच्या चावण्याच्या पातळीला किंवा त्याखाली. मोठ्यांच्या सवयीने सुई वर गेली की भूल लागत नाही. आधी अॅस्पिरेट करा (सुई रक्तवाहिनीत नाही ना ते दट्ट्या मागे ओढून बघा) आणि औषध सावकाश सोडा, मिनिटाला साधारण १ मिलिलिटर. मुलं ओठ चावून घेतात, म्हणून घरी जाताना मुलाला आरशात ओठ दाखवा आणि बधिरपणा २-३ तास राहील असं पालकांना बजावा.

कागदपत्रं_आधी:
चौथा मुद्दा शेवटी आला असला तरी काम सगळ्यात आधी करायचं हेच. भारतातल्या सरकारी लसीकरणात गोवर आणि आता गोवर-रुबेला असतं, गालगुंड नाही. इथे एमएमआरचे (गोवर-गालगुंड-रुबेला) दोन डोस किंवा रक्तचाचणीचा पुरावा मागतात. कांजिण्यांची लसही आपल्या सरकारी यादीत नाही, तिचंही तेच. हेपटायटिस बीचे नेहमीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी. नुसती डोसांची नोंद पुरत नाही, अँटिबॉडी १० mIU/mL किंवा त्याहून जास्त असल्याचा रिपोर्ट लागतो, आणि ती चाचणी शेवटच्या डोसनंतर ४ ते ८ आठवड्यांनी करायची. म्हणजे शून्यापासून सुरुवात असेल तर सात-आठ महिने धरा.

क्षयाच्या तपासणीला त्वचेच्या चाचणीऐवजी रक्ताची इंटरफेरॉन गॅमा चाचणी मिळते का बघा, कारण लहानपणीच्या बीसीजीमुळे त्वचेची चाचणी उगाच पॉझिटिव्ह दिसू शकते. ही रक्तचाचणी एमएमआर आणि कांजिण्यांच्या लसीआधी किंवा त्याच दिवशी करा, नाहीतर ४ आठवडे थांबावं लागतं. त्या दोन्ही लसी जिवंत विषाणूंच्या आहेत, त्याही एकाच दिवशी घ्या किंवा त्यांच्यात ४ आठवड्यांचं अंतर ठेवा. वर्किंग विथ चिल्ड्रन चेकचा (मुलांसोबत काम करण्यासाठी लागणाऱ्या पार्श्वभूमी तपासणीचा) अर्ज याच आठवड्यात टाका.

दुधाचे_दात:
सगळ्यांचे मनापासून आभार. गावाकडच्या पुस्तिकेत खरंच फक्त गोवर आहे. रक्तचाचणीची वेळ उद्याच घेते, लसी त्याच दिवशी.