प्रागमध्ये आईच्या गुडघ्यांना झेपेल असं काय पाहावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई-बाबांना घेऊन दीड महिना युरोपात आहोत. सध्या व्हिएन्नात, गुरुवारी रेल्वेने प्रागला निघू, मुक्काम रविवार सकाळपर्यंत.

आई सपाटीवर तासभर आरामात चालते, पण चढ आणि जिने नकोत. प्रागचा किल्ला तर टेकडीवर! २२ नंबरची ट्राम वर जाते हे कळलंय. स्टॉपवरून किल्ल्यातल्या सेंट व्हायटस कॅथेड्रलपर्यंत तिला चालवेल का? वाटेत टेकायला बाक आहेत का? ५१६ मीटरचा चार्ल्स पूल पहाटे, गर्दी नसताना हळूहळू पार करू.

बाबा इतिहासाचे शिक्षक होते. त्यांना पिंकास सिनेगॉग (ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ) पाहायचंच आहे. नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या (म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) सुमारे ७८,००० ज्यूंची नावं तिथल्या भिंतींवर हाताने लिहिली आहेत. कित्येक वर्षांपासून ते याबद्दल बोलतात. शनिवारी ते बंद असतं, म्हणून अख्खा शुक्रवार राखून ठेवलाय. शेजारच्या जुन्या दफनभूमीतली वाट आईला जमेल, की तिने बाहेर थांबावं?

वयस्कर आई-वडिलांना घेऊन कुणी गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. जुन्या शहरात दगडी फरसबंदीवर कोणते बूट बरे पडले, तेही.