ब विंगमधील राजाचे सांधे, लिफ्टची नोटीस आणि जगताप साहेबांची गोळी

जगताप (ब-३०१): सर्व सदस्यांस नमस्कार. ब-४०१ मधील कुत्रा या आठवड्यात रोज पहाटे चारच्या सुमारास कण्हतो आणि त्यामुळे आमच्या घरात कोणालाही धड झोप मिळत नाही. हा विषय मी दिवाळीपूर्वीही मांडला होता आणि तेव्हा मला काय उत्तर मिळाले, ते सर्वांच्या स्मरणात असेलच. समिती याबाबत काही करणार आहे की नाही, एवढेच कळवावे.

माने (सचिव): जगताप साहेब, तक्रार नोंदवून घेतली आहे. शिंदे वहिनींनी कृपया खुलासा करावा.

शिंदे (ब-४०१): जगताप भाऊजी, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. राजा आता अकरा वर्षांचा आहे आणि त्याच्या दोन्ही खुब्यांचे सांधे झिजल्याचे एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसले आहे. रात्रभर एका कुशीवर पडून राहिल्याने सांधे आखडतात, त्यात ही थंडी, त्यामुळे पहाटे उठायला गेला की तो कण्हतो. डॉक्टरांनी रक्त तपासले, यकृत व मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री करून घेतली आणि मगच कालपासून मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचे पातळ औषध सुरू केले आहे. राहवत नाही म्हणून एवढेच लिहिते की, कुत्र्यांना लिफ्टची मनाई करणारी जी नोटीस नोव्हेंबरात लागली, तिच्यामुळे आम्ही त्याला लिफ्टऐवजी जिन्याने चार मजले चढवतो-उतरवतो.

कुलकर्णी (ब-१०२): या निमित्ताने निदर्शनास आणून देतो की, ब विंगमध्ये लिफ्टसमोर बसवलेली नवी फरशी अत्यंत गुळगुळीत आहे. तेथे रबरी मॅट टाकावी, ही माझी विनंती गणपतीपासून प्रलंबित आहे.

घोरपडे (अ-२०२): आमच्या कोरेगावच्या वाड्यात कुत्री म्हातारी झाली, लंगडली आणि यथावकाश गेली; कोणी त्यांचे एक्स-रे काढले नाहीत. तिळाच्या तेलात हळद कालवून गरम करून चोळावी आणि कांबळ्यावर निजवावे. एवढा खर्च हवा कशाला?

जगताप (ब-३०१): नोटीस माझ्या मर्जीने लागलेली नसून सर्वसाधारण सभेच्या ठरावाने लागलेली आहे. त्या सभेला वहिनींकडून कोणीही उपस्थित नव्हते, हेही नमूद करतो. तरीही मला कटुता नको आहे, म्हणून मी स्वतःच उपाय केला आहे. मलाही गुडघ्यांसाठी मेलॉक्सिकॅमचीच १५ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिलेली आहे. औषध तेच असल्यामुळे एक गोळी कंदी पेढ्यात घालून मी दुपारी वॉचमनकडे दिली आहे. राजा संध्याकाळी खाली येईल तेव्हा त्याने ती द्यायची आहे.

शिंदे (ब-४०१): भाऊजी, हे आपण आम्हाला न विचारता कसे केलेत? आम्ही पोवई नाक्यावर आहोत आणि राजाला घेऊन मुलगा आत्ताच खाली उतरला असेल. कृपया कोणीतरी तातडीने गेटवर जावे.

माने (सचिव): निघालो आहे.

साळुंखे (अ-३०४): नमस्कार, मी आईच्या फोनवरून लिहीत आहे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात माझी इंटर्नशिप सुरू आहे. जगताप काका, औषधाचे नाव तेच असले तरी मात्रा तीच नसते. कुत्र्याला मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि त्यानंतर रोज किलोमागे ०.१ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात. म्हणजे तीस किलोच्या कुत्र्याची रोजची मात्रा ३ मिलिग्रॅम होते आणि आपली एक गोळी तिच्या पाचपट भरते, तीही सकाळच्या मात्रेवर. त्याने गोळी खाल्ली असेल, तर उलटी होते का हे पाहत बसू नये. पाकीट सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे न्यावे. मिठाचे पाणी वगैरे कोणीही पाजू नये.

माने (सचिव): सर्वांनी निश्चिंत व्हावे. वॉचमनने दिलेल्या माहितीनुसार पेढा त्याने स्वतःच खाल्ला. दाताखाली काहीतरी कडक लागले म्हणून त्याने गोळी काढून हजेरीच्या वहीवर ठेवली होती आणि ती आता माझ्या ताब्यात आहे. राजाने काहीही खाल्लेले नाही.

देशमुख (क-२०१): वॉचमनच्या गुडघ्यांची प्रकृती कशी आहे, याचीही इतिवृत्तात नोंद व्हावी 😄

कुलकर्णी (ब-१०२): गंभीर विषयात विनोद करणे योग्य नाही. लिफ्टसमोरील मॅटबाबत माझा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.

जगताप (ब-३०१): हेतू चांगला असूनही माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची पद्धत या सोसायटीत रूढ होत आहे. १५ मिलिग्रॅमची गोळी मी रोज घेतो आणि मला काहीही झालेले नाही. इंटर्न असलेल्या मुलीने ज्येष्ठांना शिकवावे, याचेही आश्चर्य वाटते.

साळुंखे (अ-३०४): काका, आपला अनादर करण्याचा माझा हेतू नाही. शरीरात दुखणे व सूज वाढवणारी जी द्रव्ये तयार होतात, त्यांच्यापैकीच काही जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. वेदनाशामक औषध या सगळ्यांनाच आवर घालते. माणूस आणि कुत्रा यांचे शरीर ही औषधे सारख्या वेगाने बाहेर टाकत नाही, म्हणून माणसाला मानवणाऱ्या मात्रेने कुत्र्याच्या जठरात व्रण पडू शकतात. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाची तर थोडी मात्राही त्यांना विषारी ठरू शकते. शिंदे काकू, योग्य मात्रेतही औषध पोटात अन्न असतानाच द्या. भूक मंदावली, उलटी झाली किंवा शौच डांबरासारखे काळे झाले, तर पुढची मात्रा न देता डॉक्टरांना फोन करा.

शिंदे (ब-४०१): डॉक्टरांनीही असेच बजावले आहे. बाळ, एक शंका आहे. मागे राजाला खाज सुटली होती, तेव्हाच्या प्रेडनिसोलोनच्या काही गोळ्या घरात उरलेल्या आहेत. फार दुखेल तेव्हा त्यातील एखादी दिली तर चालेल का?

साळुंखे (अ-३०४): अजिबात देऊ नका, काकू. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे. ते आणि मेलॉक्सिकॅम एकत्र पोटात गेले, की व्रण व रक्तस्राव यांचा धोका कित्येक पटींनी वाढतो. एकावरून दुसऱ्यावर जायचे असले तरी डॉक्टर मध्ये काही दिवस मोकळे ठेवतात. उरलेल्या गोळ्या घरात ठेवूच नका.

घोरपडे (अ-२०२): आमच्या म्हशींना डॉक्टर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचत असत आणि म्हैस दुसऱ्या दिवशी उभी राहत असे. ते स्वस्तही होते. त्याचे नाव कोणीच का घेत नाही?

साळुंखे (अ-३०४): आजोबा, जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर सरकारने २००६ मध्येच बंदी घातली. ते टोचलेली जनावरे मेल्यावर गिधाडांनी खाल्ली, की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत आणि देशातील गिधाडे त्यामुळेच जवळपास संपली. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये ते इंजेक्शन फक्त ३ मिलिलिटरच्या एकेका मात्रेत विकण्याचे बंधन आले. २०२३ मध्ये जनावरांसाठीची किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही वेदनाशामकेही बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही. आणि कुत्र्याच्या जठराला डायक्लोफेनॅक मुळीच सोसत नाही.

देशमुख (क-२०१): माझा मेहुणा न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो की तिकडे महिन्यातून एकदा इंजेक्शन दिले की काम होते, गोळ्यांची कटकटच नाही.

साळुंखे (अ-३०४): ते बेडिनव्हेटमॅब, काका. दुखण्याचा संदेश वाढवणाऱ्या एका प्रथिनाला ते धरून ठेवते. अमेरिकेत त्याला मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये तेथील औषध प्रशासनाने तोल जाणे, झटके येणे अशा तक्रारी आल्याचे पत्र पशुवैद्यकांना पाठवले. अनेक कुत्र्यांना त्याने आराम पडतो, पण तेही डॉक्टरांनी तपासून ठरवायचे औषध आहे. राजाचे वजन सध्या किती आहे?

शिंदे (ब-४०१): छत्तीस किलो. डॉक्टरांनी तीसवर आणायला सांगितले आहे. घरी आम्ही मोजूनच खायला घालतो; परंतु सकाळी गेटवर बसणाऱ्या ज्येष्ठांच्या मंडळातील प्रत्येकजण त्याला बिस्किटे देतो आणि कोणाला नाही म्हणणे आम्हाला जड जाते.

घोरपडे (अ-२०२): मुक्या जिवाला बिस्किट दिले म्हणून आता आम्ही दोषी!

साळुंखे (अ-३०४): दोषी कोणीच नाही, आजोबा. पण ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिले, तर कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांना सांधेदुखीच्या उपचारांची गरजही उशिरा पडली. वजन उतरले की वेदनाशामकही कमी लागते. जिना, उड्या आणि निसरडी फरशी टाळणे हाही उपचारच आहे.

कुलकर्णी (ब-१०२): निसरडी फरशी! मी गणपतीपासून दुसरे काय सांगत आहे?

शिंदे (ब-४०१): माने साहेब, भारतीय पशुकल्याण मंडळाचे २०१५ चे परिपत्रक मी तेव्हाच समितीकडे दिले होते. बहुमताने ठराव केला तरीही सोसायटीला पाळीव कुत्र्यास लिफ्टची मनाई करता येत नाही, असे त्यात स्वच्छ लिहिलेले आहे. ते कागद फायलीत लागले की रद्दीत गेले, याची आम्हाला कल्पना नाही.

माने (सचिव): वहिनी, परिपत्रक फायलीत आहे, ते सभेपुढे ठेवणे राहून गेले. नोटीस आजच काढून घेत आहे. राजाला पट्टा लावून लिफ्टने न्यावे, लिफ्टमध्ये घाण झाल्यास आपण पुसून घ्यावी आणि लहान मुले आत असल्यास पुढच्या फेरीची वाट पाहावी, एवढी विनंती आहे. रबरी मॅट दुरुस्ती निधीतून रविवारपर्यंत येईल. गेटवर राजाला कोणीही काहीही खायला देऊ नये, अशी सूचना वॉचमनच्या केबिनवर लावत आहे.

जगताप (ब-३०१): लिफ्टबाबतचा निर्णय मला व्यक्तिशः पटलेला नाही, तरी मी विरोध करणार नाही. माझी गोळी मला परत मिळावी.

माने (सचिव): ती वॉचमनच्या तोंडून निघालेली आहे, साहेब.

पवार (अ-१०१): दुकानात गर्दी असल्याने उशिरा लिहितो. मेलॉक्सिकॅम शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत येते, म्हणून शिंदे वहिनींनी पुढची बाटली नेताना मूळ चिठ्ठी आणावी. ग्रुपवर टाकलेल्या फोटोवर मी औषध देऊ शकत नाही. औषध मोजण्याची पिचकारी बाटलीसोबतच येते, तीच वापरावी. घरातला चमचा वापरू नये. बाटली उद्या दुपारी साताऱ्यात येईल. आणि जगताप साहेब, आपल्या गोळ्यांचे मागील दोन महिन्यांचे बिल बाकी आहे, तेही जमल्यास याच फेरीत बघावे.