वॉर्सात व्होडकासाठी नावाजलेलं हॉटेल सुचवा (सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत)

साताऱ्याची_सून
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पोलंडमध्ये व्रोत्सवाफला असतो. पुढच्या महिन्यात सासू-सासरे येतायत, त्यांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. दोन दिवस वॉर्साला जाऊन एक संध्याकाळ चांगल्या, नव्या धाटणीच्या पोलिश हॉटेलात जेवायचं ठरवलंय. बाबांना इथली व्होडका नीट चाखायचीय. एरवी ते वर्षातून दोनदा व्हिस्की-सोडा घेतात, तेवढंच. आई मात्र अंडंही खात नाहीत. मागे एका ठिकाणी बजावून सांगूनही माझ्या पिएरोगीवर (सारण भरून उकडलेल्या करंज्या) डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालून आणले होते. आईंच्या ताटात तसलं काही यायला नको. कुठे जावं?

विस्वाकाठी
ताई, बाबांसाठी एकच नाव सांगेन. व्येझ्बोवा रस्त्यावरचं ‘एलिक्सिर बाय डोम वूटकी’. डोम वूटकी म्हणजे व्होडकाचं घर. राटुश आर्सेनाऊ मेट्रोपासून चालत जाता येतं. कुठल्या पदार्थासोबत कुठली व्होडका, हे तिथे सुचवतात. टेबल आधी सांगून ठेवा.

एक कळकळीची विनंती, बाबांना सोडा मागू देऊ नका. इथे व्होडका गारठवलेली, नुसती आणि जेवणाबरोबर घेतात. आधी राय या धान्याची (मोहरी नव्हे, इंग्रजीत rye) मागवा. तिला किंचित मिरमिरीत, पावासारखी चव असते. मग बटाट्याची. ती जिभेवर दाट, जवळजवळ लोण्यासारखी लागते. लागोपाठ घेतल्या की फरक लगेच कळतो. ‘पोल्स्का वूटका’ असं लिहिलेली बाटली असेल तर राय, गहू, जव, ओट, ट्रिटिकाले (गहू आणि रायचा संकर) किंवा बटाटा, जे काही वापरलंय ते पोलंडमध्येच पिकलेलं असावं लागतं. २०१३ पासून तसा कायदाच आहे.

आणि सोबत श्लेज हवाच, म्हणजे खारवलेला हेरिंग मासा. तेलात मुरलेला तुकडा, वर बारीक कांदा, खाली काळा पाव. ग्लासावर धुकं धरलेलं असतं. आधी घास, मग घोट. माशाचं तेल आणि मीठ एका घोटात धुऊन निघतं आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. मी पहिल्यांदा असं खाल्लं, तेव्हा हे लोक व्होडका जेवणाबरोबर का घेतात ते मला समजलं.

नुसती जड गेली तर झुब्रूफ्का नावाची व्होडका सफरचंदाच्या रसात घ्या. बाटलीत ब्याओव्येझाच्या जंगलाकडच्या गवताची एक काडी असते, वास ताज्या कापलेल्या गवताचा.

शेपूची_जुडी
आईंचं मी सांगते, मीही शाकाहारी आहे. त्या तुकड्यांना ‘स्क्वार्की’ म्हणतात. मांस नको म्हटलं तरी ते वरून पडतात, कारण अनेकांच्या लेखी ती नुसती सजावट असते. म्हणून ‘बेस स्क्वार्कुफ’ (स्क्वार्कीशिवाय) हे वेगळं म्हणायचं. बटाटा आणि त्वारुग चीज भरलेल्या पिएरोगीला ‘रुस्क्ये’ म्हणतात, पण कधीकधी पारीत अंडं असतं, तेही विचारा. बटाट्याच्या ‘प्लात्स्की’तही (किसलेल्या बटाट्याची धिरडी) बहुधा अंडं असतं. बार्श्च हे बीटचं सूप अनेकदा मांसाच्या पाण्यात करतात. झुरेक या आंबवलेल्या रायच्या पिठाच्या सूपचा आंबटपणा आपल्या आंबिलीच्या जवळचा, पण त्यात सॉसेज आणि अंडं असतं, तेव्हा तो बाबांना द्या. उन्हाळा असेल तर ‘खोऊद्निक’ घ्या. बीट, काकडी, मुळा घातलेलं गार ताकच म्हणा ना, वर भरपूर शेपू. फक्त त्यावरचं उकडलेलं अंडं काढायला सांगा. टेबल ठरवतानाच हे सगळं लिहून कळवा.

पंचगंगा_तीर
थोडं अवांतर, पण राहवत नाही. जेवायच्या आधी मोंते कास्सिनो स्मारकाकडे जा (दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या त्या लढाईत लढलेल्या पोलिश सैनिकांचं). शेजारीच कोल्हापूरचं स्मारक आहे, २०१७ मध्ये उभारलेलं. युद्धात देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले होते. आमची आजी तिथे दूध घालायला जायची. म्हातारपणीही ती आम्हाला सकाळी ‘जेन दोब्री’ (पोलिशमधला नमस्कार) म्हणायची. परक्या राजधानीत आपल्या गावाचं नाव दगडावर वाचताना माझे डोळे भरून आले होते. तिथून व्येझ्बोवा रस्ता फार लांब नाही, बाबांनाही चालवेल.

साताऱ्याची_सून
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! टेबल मिळालं, आईंचं सगळं लिहून कळवलंय. स्मारकाचं बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले आधी तिकडेच. एकच राहिलं, आम्ही ग्लास उचलू तेव्हा आईंच्या हातात काय द्यावं?

शेपूची_जुडी
कोम्पोत. फळं उकळून केलेलं गोडसर पाणी, घरोघरी करतात. मेन्यूत नसलं तरी विचारा.