सेंडफाइल() ने ३ जीबीची फाइल पाठवतोय, २ जीबीलाच थांबते

पॉइंटरपीडित:
मंडळी, लिनक्सवर सी मध्ये छोटा फाइल सर्व्हर लिहितोय. आधी साधा रीड-राइटचा लूप होता, मग एक मित्र म्हणाला सेंडफाइल वापर, डेटा आपल्या प्रोग्रामच्या बफरमध्ये येतच नाही, कर्नल (लिनक्सचा गाभा) परस्पर सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर ढकलतो, म्हणून बदललं आणि खरंच सीपीयू खाली आला. पण ३ जीबीचा व्हिडिओ पाठवला की समोर २ जीबीच पोचतो, आणि एरर काहीच नाही! एरर असली की कॉल -१ देतो, तो येतोय का ते बघतोय, येत नाही. सॉकेट ब्लॉकिंग (बफर भरला तर कॉल थांबून राहतो), मशीन ६४ बिट. दोन दिवस डोकं खाल्लंय याने.

बाइटबहाद्दर:
-१ येईल कशाला, त्याच्या लेखी काही चुकलेलंच नाही. एका कॉलमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,७९,५५२ बाइट जातात, मशीन ६४ बिट असलं तरी. किती गेले ते रिटर्न व्हॅल्यूत येतं, तू ते वाचतच नाहीयेस. उरलेले मोज आणि लूप लाव.

पॉइंटरपीडित:
लावला. आता २ जीबीनंतर सीपीयू १०० टक्के आणि प्रोग्राम तिथेच. गेलेले बाइट उरलेल्यातून वजा करतोय, ऑफसेटमध्ये (फाइल कुठून वाचायची ती जागा) मिळवतोय, अजून काय करायचं?

रात्रपाळी:
ऑफसेटमध्ये मिळवतोयस तिथेच मेलास 😄 ऑफसेटचा पॉइंटर दिला की सेंडफाइल तो स्वतःच पुढे सरकवून ठेवतं. तू वर परत मिळवलंस, म्हणजे ऑफसेट गेला ४ जीबीच्या आसपास आणि फाइल ३ ची, मग दरवेळी ० येणार, उरलेले काही कमी होणार नाहीत आणि लूप गरगरत बसणार. ती ओळ उडव. आणि ० आला की लूप तोडायचाच, पाठवता पाठवता कुणी फाइल छोटी केली तरी हेच होतं.

अजून एक, समोरच्याने डाउनलोड मधेच बंद केलं तर सिगपाइप (तुटलेल्या जोडणीवर लिहिलं की येणारा सिग्नल) येऊन अख्खा सर्व्हर मरतो, तो सिग्नल सुरुवातीलाच इग्नोर कर म्हणजे नुसता ईपाइप एरर मिळेल. (रात्री तीनला प्रॉडक्शनवर शिकलोय हे.)

बाइटबहाद्दर:
हो, ऑफसेटचं सांगायला हवं होतं मी. पुढे नॉन-ब्लॉकिंगला गेलास तर ईअगेन येईल, म्हणजे सॉकेटचा बफर भरलाय, ईपोलवर (सॉकेटमध्ये जागा झाली की कळवणारी सोय) थांबायचं आणि तिथूनच पुढे. टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) लावलंस तर मात्र एन्क्रिप्ट करायला डेटा प्रोग्राममध्ये आणावाच लागतो, मग सेंडफाइलची मजा गेली, कर्नल टीएलएस असेल, म्हणजे एन्क्रिप्शन कर्नलच करत असेल, तर गोष्ट वेगळी.

पॉइंटरपीडित:
ओळ उडवली, पूर्ण ३ जीबी गेली, एमडी५ (फाइलचा चेकसम) पण जुळला!! टीएलएसचं आत्ता नाव नको बाबा.